कॉर्नफ्लोअर नव्हे, मक्याचं भरड पीठ!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या तळणीच्या पदार्थांवर पानभर मजकूर आला. हिरव्या टोमॅटोच्या चकत्या, तळलेलं पिकल, भेंडी, हशपपीज (मक्याच्या पिठाचे तळलेले गोळे) आणि सोबत मेयोनीजचं दाटसर डिप. विषय चांगला, फोटोही भूक चाळवणारे. पण छापलेल्या कृतीबरहुकूम कोणी करायला घेतलं तर फोटोतलं काही ताटात येणार नाही. मूळ कृती बरोबर असावी. मराठीत येताना तिच्यातले चार जिन्नस बदलले. कॉर्नमील, बटरमिल्क, पिकल आणि चिली सॉस हे चारही शब्द आपल्या ओळखीच्या भलत्याच वस्तूंवर जाऊन बसले. शिवाय एक आकडा असा छापला गेला आहे की त्याची दुरुस्ती आधी व्हायला हवी.

‘तेल ३५० अंशांवर तापवा’ असं वाक्य आहे, आणि पुढे फॅरेनहाइट की सेल्सिअस हे लिहिलेलं नाही. अमेरिकी कृतीतले ३५० अंश फॅरेनहाइट असतात, म्हणजे सुमारे १७७ सेल्सिअस. आपण सवयीने सेल्सिअस धरतो. ३५० सेल्सिअसच्या कितीतरी आधी तेल धुरकटतं आणि त्या सुमाराला पेटूही शकतं. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा धूर तर १६० सेल्सिअसच्या आसपासच निघू लागतो. दक्षिणेत तळायला शेंगदाण्याचं तेल आवडीने वापरतात खरं, पण ते रिफाइंड. त्याचा धूर सुमारे २३० सेल्सिअसला निघतो. तेव्हा तेल रिफाइंड घ्यावं आणि तापमान १७५ ते १९० सेल्सिअस ठेवावं. कढई पेटलीच तर आच बंद करून वर झाकण घालायचं, पाणी अजिबात नाही.

आता जिन्नस. सगळ्यात मोठा घोळ कॉर्नफ्लोअरचा. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढराशुभ्र, चिमटीत कुरकुर वाजणारा स्टार्च. हा शब्द इंग्रजांकडून आला. अमेरिकेत त्याच स्टार्चला कॉर्नस्टार्च म्हणतात आणि कॉर्नमील म्हणजे वाळलेल्या मक्याच्या दाण्यांचं भरड पीठ, हाताला बारीक रव्यासारखं लागणारं. लुईझियानात मासे तळायला ‘कॉर्न फ्लोअर’ वापरतात, पण तेही मक्याचंच जास्त बारीक दळलेलं पीठ. म्हणजे तोच शब्द तिथे एक आणि आपल्या डब्यात दुसरं. दीड कप स्टार्चमध्ये घोळवलेली चकती पांढुरकी राहते, तिच्यावर काचेसारखा पातळ पापुद्रा येतो आणि मक्याची चव नावालाही नसते. या तळणांची ओळखच मुळी मक्याच्या दाणेदार कवचाची आहे. ते गेलं की उरतं ते कुठलंही तळण.

मक्याचं पीठ घेताना उलटी चूकही होते. ग्रिट्स नावाचा मक्याचा जाड रवा तिथे न्याहारीला शिजवून खातात. तो कवचाला लावला तर तीन-चार मिनिटांच्या तळणीत शिजत नाही आणि दाताखाली कचकच लागतो. बारीक किंवा मध्यम दळण हवं. दक्षिणेत अनेकांना पांढऱ्या मक्याचं आवडतं. पिवळ्यानेही काही बिघडत नाही.

नुसतं मक्याचं पीठही चालत नाही. त्यात ग्लुटेन नसतं, त्यामुळे त्याला स्वतःची धरून ठेवण्याची ताकद कमी. तेलात पडताच निम्मं पीठ तळाशी जातं. म्हणून १ कप (सुमारे १५० ग्रॅम) मक्याच्या पिठाला अर्धा कप (६० ग्रॅम) मैदा, दीड छोटा चमचा मीठ, १ छोटा चमचा मिरपूड, १ छोटा चमचा पॅप्रिका आणि अर्धा छोटा चमचा केयेन किंवा साधं तिखट. (अमेरिकी कप २४० मिलिलिटरचा, छोटा चमचा ५ आणि मोठा १५ मिलिलिटरचा.) मैदा यापेक्षा वाढवला की कवच मऊ, पावासारखं होतं. कुरकुरीतपणासाठी मोठा चमचाभर स्टार्च घालायचा तर खुशाल घाला. त्याची जागा तेवढीच. तिथल्या पाकिटांवर ‘सेल्फ-रायझिंग’ लिहिलेलं असेल तर त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेलं असतं; मग वरून मीठ घालताना हात आखडता.

दुसरा शब्द बटरमिल्क. त्याचं भाषांतर ‘ताक’ केलं आहे आणि शब्दकोशाच्या हिशेबाने ते चूक नाही. पूर्वी तिथेही लोणी काढून उरलेलं तेच बटरमिल्क होतं. आज अमेरिकेत कार्टनमध्ये मिळतं ते मात्र कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून केलेलं, चमच्याच्या पाठीवर थर धरणारं, आंबट आणि दाट. आपलं ताक त्यापुढे पाणीच. ताकात बुडवलेल्या चकतीवर पीठ चिकटत नाही, चिकटलं तर चिखल होतो. पाऊण कप दही आणि पाव कप दूध एकत्र घोटलं की बरोबर तो दाटपणा येतो. दुधात लिंबू पिळून ‘बटरमिल्क’ करायची एक युक्ती सगळीकडे सांगतात. हशपपीजच्या सोड्याला आंबटपणा मिळायला ती पुरेशी आहे, पण घोळवायला नाही, कारण दूध फाटतं, दाट होत नाही.

तिसरा शब्द तर गमतीचाच. ‘लोणच्याच्या फोडी पिठात घोळवून तळा’ हे वाचून कोणी कैरीचं लोणचं कढईत सोडलं नसेल अशी आशा आहे. डिल पिकल म्हणजे शेपू आणि लसूण घालून खाऱ्या पाण्यात किंवा व्हिनेगरात मुरवलेली काकडी. तेल नाही, मसाला नाही, साखरही नाही. गोड ‘ब्रेड अँड बटर’ पिकल घेतलं तर त्यातल्या साखरेने कवच आतून करपतं. हा पदार्थ लोकप्रिय झाला तो आर्कान्सामधल्या ॲटकिन्स गावी. तिथे ‘फॅटमॅन’ या टोपणनावाने ओळखले जाणारे बर्नेल ऑस्टिन यांनी १९६३ मध्ये आपल्या डचेस ड्राइव्ह-इनमध्ये तो विकायला सुरुवात केली. गावात पिकलचा कारखानाच होता, तेव्हा मालाची वाण नव्हती.

पिकल तळताना जे बिघडतं ते पाण्यामुळे. बरणीतून काढलेली चकती म्हणजे आतपर्यंत भिजलेला स्पंज. गरम तेलात त्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडताना कवचाला ढकलते. मग चावल्यावर पिठाची अंगठी हातात राहते आणि काकडी तोंडात जाते. उपाय साधा, पण वेळखाऊ. ४-५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या जाड सुती फडक्यावर पसरून १५-२० मिनिटं ठेवायच्या, वरून दुसरं फडकं दाबायचं. मग आधी कोरड्या मैद्यात घोळवून झटकायच्या, मग बटरमिल्क आणि एका अंड्याच्या मिश्रणात बुडवायच्या, आणि शेवटी मक्याच्या पिठात. पहिला मैद्याचा हात गाळला तर बाकी सगळं फुकट, कारण ओलसर, गुळगुळीत सालीला बटरमिल्क धरत नाही. १९० सेल्सिअसला दीड-दोन मिनिटं, एकदाच उलटून. पिठात मीठ घालायचं नाही. काकडीत ते पुरेपूर आहे. आपल्या कृतीत दीड चमचा मीठ सगळ्याच पदार्थांना सरसकट दिलं आहे.

हिरव्या टोमॅटोबद्दल. हे साधेच टोमॅटो, फक्त न पिकलेले, टणक, बोटाने दाबून न दबणारे. पिकल्यावरही हिरव्या राहणाऱ्या जाती मिळतात, त्या चालणार नाहीत. टोमॅटिओ (मेक्सिकोतलं सालपटात वाढणारं हिरवं फळ) ही तर वेगळीच वनस्पती. एका बाजूला लाली दिसू लागली असेल तर तो टोमॅटो कोशिंबिरीत घालावा. पिकत चाललेल्या गराचं कढईत सार होतं. या चकत्यांना दक्षिणेची पक्की ओळख मिळाली ती १९९१ च्या एका गाजलेल्या चित्रपटानंतर. त्याआधी त्या अमेरिकेच्या इतर भागांतल्या पाककृतींमध्येही सर्रास होत्या, हे आपल्या लेखातल्या ‘शतकानुशतकांची दक्षिणी परंपरा’ या वाक्यापुढे नोंदवायला हवं.

चकती ६ ते ७ मिलिमीटर. याहून पातळ कापली तर आत आंबट गर उरत नाही, जाड कापली तर कवच तयार झालं तरी मध्य कच्चा, करकरीत राहतो. मीठ लावून २० मिनिटं चाळणीत निथळत ठेवायची, दोन्ही बाजू पुसायच्या. मैदा, बटरमिल्क-अंडं, मक्याचं पीठ, हाच क्रम. घोळवलेल्या चकत्या लगेच तेलात न सोडता जाळीवर १० मिनिटं ठेवल्या की पीठ ओल पिऊन घट्ट बसतं. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि मग ‘पीठ सुटलं’ अशी तक्रार येते.

यांना खोल कढई नको. बिडाचं जाड, पसरट भांडं घ्यावं (टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गची लॉज ही कंपनी १८९६ पासून तेच करते), त्यात सेंटीमीटरभर तेल, १७५ ते १८० सेल्सिअस. बीड एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, म्हणून थंड चकती टाकल्यावरही तेलाचं तापमान फारसं उतरत नाही. चकतीची खालची कड गडद सोनेरी दिसेपर्यंत, सुमारे ३ मिनिटं, तिला हात लावायचा नाही. झाऱ्याने सारखं हलवलं की अजून ओलं असलेलं कवच भांड्याला चिकटून निघतं. मग एकदाच उलटायची, आणखी अडीच-तीन मिनिटं.

भेंडीबद्दल आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. ती आफ्रिकेतून गुलामगिरीच्या काळात तिथे पोचली, आणि लुईझियानाच्या ‘गम्बो’ या पदार्थाचं नावही भेंडीच्याच एका आफ्रिकी नावावरून आलं. आपण भेंडीची तार घालवायला धडपडतो. इथे ती कामाला येते. दीड सेंटीमीटरचे तुकडे बटरमिल्कमध्ये ५-१० मिनिटं ठेवले की तार सुटते आणि तीच मक्याचं पीठ धरून ठेवते, अंडं लागत नाही. घोळवल्यावर तुकडे चाळणीत घेऊन जास्तीचं पीठ झाडून टाकायचं. १८० सेल्सिअसला ३-४ मिनिटं. कोवळी भेंडीच घ्यावी. निबर भेंडीचे धागे कुठल्याही तळणीने मऊ होत नाहीत.

हशपपीज म्हणजे मक्याच्या पिठाचे, कांदा घातलेले भज्यांसारखे गोळे, तळलेल्या माशांसोबत खायचे. भुंकणाऱ्या कुत्र्यांना गप्प करायला ते फेकत, ही कथा आपण छापली आहे. कथा गोड आहे, पण हा पदार्थ या नावाच्या आधीपासून आहे. साउथ कॅरोलिनात त्याला रेड हॉर्स ब्रेड म्हणत. रेड हॉर्स हा तिथला नदीतला मासा.

प्रमाण असं: १ कप मक्याचं पीठ, अर्धा कप मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा, पाऊण छोटा चमचा मीठ, १ अंडं, पाऊण कप बटरमिल्क आणि अर्धा कप किसलेला कांदा. कांद्याचं पाणी पिळून टाकायचं, नाहीतर पीठ सैल होतं. कोरडं आणि ओलं वेगवेगळं मिसळून मग एकत्र करायचं, फेटायचं नाही, गुठळ्या राहिल्या तरी राहू देत. १० मिनिटं मुरल्यावर चमचा उलटा केला तर पीठ सावकाश, एका गोळ्यात पडलं पाहिजे. धार लागली तर मोठा चमचाभर मक्याचं पीठ आणखी. गोळा अडीच-तीन सेंटीमीटरचा, तेल १८० सेल्सिअस, अडीच ते तीन मिनिटं. बाहेरून काळपट आणि आत कच्चा निघाला तर तेल जास्त तापलेलं होतं किंवा गोळा लिंबाएवढा मोठा होता. दगडासारखा निघाला तर पीठ जास्त घोटलं गेलं किंवा बेकिंग पावडर जुनी. साखर घालायची की नाही यावर तिथे वाद आहे, कॅरोलिनात अनेक ठिकाणी घालतात. आमचं मत विचाराल तर नको, कारण तिच्यामुळे रंग लवकर येतो आणि आतलं पीठ शिजायच्या आत गोळा बाहेर काढावा लागतो.

तळणीचे दोन नियम लेखात आलेच नाहीत. भांड्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग कधी भरू नये आणि दोन घाण्यांच्या मध्ये तेल पुन्हा तापू द्यावं. थंड, ओले तुकडे एकदम पडले की तेल १६० च्या खाली येतं, आतली वाफ जोरात बाहेर पडत नाही आणि कवच कुरकुरीत व्हायच्या आत तेलकट होतं. खरं तर बरंचसं तेल तुकडा बाहेर काढल्यानंतर आत शिरतं: आतली वाफ थंडावली की बाहेर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढल्याबरोबर, पहिल्या काही सेकंदांत, झाऱ्यावरच झटकून घ्यावं आणि कागदाऐवजी तारेच्या जाळीवर ठेवावं. कागदावर ठेवलेल्या चकतीची वाफ खाली अडकते आणि दोन मिनिटांत तिची खालची बाजू ओली होते. चकत्या थांबवायच्याच असतील तर जाळीसकट ९५ सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, वर झाकण नको. आणि मक्याचं पीठ तळाशी बसून करपतं, तेव्हा प्रत्येक घाण्यानंतर बारीक जाळीच्या गाळणीने ते काढावं. नाहीतर तिसऱ्या घाण्याला कडवट काळे ठिपके चिकटलेले दिसतील. थर्मामीटर नसेल तर पावाचा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा तुकडा टाकून पाहावा. मिनिटाभरात सोनेरी झाला तर तेल १८० च्या आसपास आहे.

राहिलं डिप, आणि चौथा शब्द. कमबॅक सॉस हे मेयोनीजचं डिप मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराची खासियत. १९३० च्या दशकात तिथल्या ग्रीक मालकांच्या हॉटेलांत ते रुजलं. त्यात ‘चिली सॉस’ पडतो, पण अमेरिकी चिली सॉस म्हणजे टोमॅटोचा आंबटगोड, मसालेदार, केचपच्या जवळचा सॉस. आपल्या कृतीप्रमाणे पाव कप लाल मिरचीचा सॉस घातला तर ते डिप कोणाच्याने खाववणार नाही. तो टोमॅटोचा सॉस मिळाला नाही तर पाव कप केचपमध्ये छोटा चमचाभर व्हिनेगर आणि चिमूटभर लवंग-दालचिनी पूड घालून काम भागतं.

१ कप मेयोनीज, पाव कप हा चिली सॉस, २ मोठे चमचे केचप, १ मोठा चमचा लिंबाचा रस, १-१ छोटा चमचा वूस्टरशर सॉस, मोहरीची पेस्ट आणि लुईझियाना पद्धतीचा पातळ, व्हिनेगरी तिखट सॉस (टबॅस्को त्यातलाच, लुईझियानात १८६८ पासून), अर्धा-अर्धा छोटा चमचा लसणाची पूड, कांद्याची पूड, पॅप्रिका, वर मिरपूड. मेयोनीज बिनसाखरेचं घ्यावं. साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलमध्ये १९१७ मध्ये युजिनिया ड्यूक यांनी सुरू केलेलं ड्यूक्स मेयोनीज दक्षिणेत जीव की प्राण आहे, त्यात साखर नसते. गोड मेयोनीजवर केचपचाही गोडवा चढला की डिप बाळबोध होतं. कालवल्यावर फ्रिजमध्ये किमान २ तास. सुक्या पुडी ओल शोषून फुलायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी चाखून तिखटमीठ वाढवलं तर नंतर पस्तावाल.

रँच डिपला लेखात दक्षिणी म्हटलंय. ते नावारूपाला आलं ते कॅलिफोर्नियात, १९५० च्या दशकात सँटा बार्बराजवळच्या एका रँचवर. दक्षिणेने ते दत्तक घेतलं, एवढंच. पिकलसोबत ते जमतं मात्र झकास. अर्धा कप मेयोनीज, अर्धा कप सावर क्रीम किंवा टांगलेलं दही, शेपू, चाइव्ह (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात), लसूण, मिरपूड आणि बटरमिल्क २-३ मोठे चमचेच. लेखात दिलेलं पाऊण कप बटरमिल्क सॅलडवर ओतायच्या ड्रेसिंगचं प्रमाण आहे. त्यात बुडवलेल्या चकतीवरून डिप ओघळून पुन्हा वाटीत जाईल. ताजा शेपू धुतला असेल तर पूर्ण सुकवूनच चिरावा, त्याच्या पाण्यानेही डिप सुटतं. ही दोन्ही डिप्स २ तासांहून जास्त बाहेर ठेवू नयेत, घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज केलं असेल तर मुळीच नाही.

पानावर जागा कमी असते याची कल्पना आहे. तेव्हा दुरुस्ती एका चौकटीपुरतीच छापायची झाली तर ती या क्रमाने असावी: ‘३५० अंश’पुढे फॅरेनहाइट, ‘कॉर्नफ्लोअर’च्या जागी मक्याचं भरड पीठ, ‘ताका’च्या जागी दुधात घोटलेलं दही, ‘लोणच्या’च्या जागी शेपू घालून खारवलेली काकडी, आणि ‘चिली सॉस’पुढे ‘टोमॅटोचा’ हा एक शब्द.

आपले,
पुरवणीचे नियमित वाचक